विधानसभेतला प्रश्न आणि आपला उंबरठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मंडळाच्या कार्याचे कौतुक करावे अशी रीत आहे. परंतु ते काम चिटणीसबाईंच्या अहवालाने आधीच चोख पार पाडले आहे. मला चालक भगिनींनी विषय दिला तो असा की, आमदार सभागृहात मंत्र्यांना प्रश्न विचारतात म्हणजे नेमके काय करतात, आणि त्याचा आपल्या घरादाराशी संबंध तो काय? विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. तिळगुळाच्या समारंभात कोणी हिशेबाची वही उघडावी तसे काहीसे. पण घरात हिशेबाची वही कोण ठेवते? आपणच. तेव्हा हा विषय आपलाच आहे असे समजून थोडा वेळ ऐकून घ्यावे, ही विनंती.

वाण्याकडून धान्य घेताना आपण तराजूच्या काट्याकडे पाहतो. वाणी चोर आहे असे आपण म्हणत नाही. पण काट्याकडे पाहणारे गिऱ्हाईक समोर उभे आहे एवढे त्याला कळले म्हणजे माप आपोआप सरळ पडते. विधानसभेतील प्रश्नाचे तत्त्व याहून वेगळे नाही. राज्याचा पैसा आपला, तो खर्च करणारे हात मंत्र्यांचे आणि अधिकाऱ्यांचे. काट्याकडे पाहण्यासाठी आपण सर्वांनी मुंबईला जाणे शक्य नाही. म्हणून आपण एक माणूस निवडून पाठवतो. त्याने भाषणे करावीत, कायदे करावेत, हे तर आहेच. परंतु त्याचे रोजचे काम म्हणजे विचारणे.

हा अधिकार आपल्याला कोणी ताटात वाढून दिलेला नाही. इंग्रजांच्या अमदानीत १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सभासदांना प्रथम प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, तीही नाना अटींसह. उत्तर मिळाल्यावर पुन्हा उलट विचारता येत नसे. १९०९ मध्ये मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाची परवानगी मिळाली आणि १९१९ नंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. नामदार गोखले वरिष्ठ कायदेमंडळात मिठावरील करापासून प्राथमिक शिक्षणापर्यंत सरकारला आकडेवार जाब विचारीत, ते याच तुटपुंज्या अधिकारांच्या बळावर.

आपल्या जालन्याची कथा आणखी निराळी. आपण निजामाच्या राज्यात होतो. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले, आणि सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतांनी निवडलेली विधानसभा आपल्या वाट्याला आली ती १९५२ साली, हैदराबाद राज्यात. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे आपल्या आजीने ऐन तारुण्यात राजाला अर्ज केला असेल, विनवणी केली असेल, पण “हे असे का?” असे विचारण्याचा हक्क तिच्या हाती फार उशिरा आला. उशिरा आलेली वस्तू जपून वापरावी लागते. वापरलीच नाही तर ती गंजते.

आता प्रश्नांचे प्रकार सांगते. काही प्रश्नांवर छापताना एक चांदणी असते. त्यांना तारांकित प्रश्न म्हणतात. त्यांचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यावयाचे असते. चांदणी नसलेले ते अतारांकित. त्यांचे उत्तर लेखी येते. फारच तातडीचे असेल तर अल्प सूचनेचा प्रश्न. शिवाय सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्यासाठी लक्षवेधी सूचना असते, आणि मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते.

तारांकित प्रश्नाची भाषाही ठरीव आहे. एखाद्या ओवीसारखी ती पाठ होईल. पहिला भाग: अमुक ठिकाणी अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय? दुसरा भाग: असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, व त्यात काय आढळून आले? तिसरा भाग: त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटचा भाग: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरेही ठरीव असतात. “होय, हे खरे आहे.” “हे अंशतः खरे आहे.” “हे खरे नाही.” आणि सर्वांत सोयीचे उत्तर म्हणजे “प्रश्न उद्भवत नाही.”

भगिनींनो, छापील उत्तर बहुधा खात्यातील अधिकारी तयार करतात. मंत्र्याची खरी परीक्षा त्यानंतर, उपप्रश्नात होते. मुलीला स्थळ पाहायला आलेल्या मंडळींनी ठरलेले प्रश्न विचारले म्हणजे ठरलेली उत्तरे मिळतात. पण एखाद्या जाणत्या आत्याबाईने मध्येच काही निराळे विचारले की घरची खरी परिस्थिती बाहेर येते. उपप्रश्न ही ती आत्याबाई होय. मंत्री गडबडला तर शेवटी म्हणतो, “चौकशी करू,” “तीन महिन्यांत काम पुरे करू.” हा शब्द वाऱ्यावर जात नाही. सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाते आणि ते पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

एका प्रश्नाने काय घडू शकते याचे जुने उदाहरण लोकसभेतले आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये तेथे विचारले गेले की, आयुर्विमा महामंडळाने एका उद्योगपतीच्या कंपन्यांत मोठी रक्कम गुंतवली आहे काय? उत्तर गुळमुळीत आले. डिसेंबरात फिरोज गांधी यांनी तो विषय सभागृहात मुळापासून उकलला. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद होते, आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. सुमारे सव्वा कोटी रुपयांचा तो मामला. विम्याचे पैसे म्हणजे कोणाचे? घरचा कर्ता गेला तर मुलाबाळांच्या तोंडी घास राहावा म्हणून हप्त्याहप्त्याने साठवलेले. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. नातेसंबंध आणि पक्ष बाजूला ठेवून विचारलेला प्रश्न किती लांब जातो, हे त्यावरून दिसते.

परंतु दूरच्या दिल्लीपेक्षा आपल्या महाराष्ट्रातील एका बाईची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. मृणालताई गोरे. जन्म १९२८ चा. डॉक्टरीचे शिक्षण अर्धे टाकून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या. १९५८ मध्ये पती केशव गोरे गेले. पदरी लहान मुलगी. तरी काम सोडले नाही. १९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांना नळाचे पाणी मिळावे म्हणून असा पिच्छा पुरवला की लोक त्यांना “पाणीवाली बाई” म्हणू लागले. हंड्याचे दुखणे ज्या डोक्याने सोसले आहे, ते डोके सभागृहात गेले म्हणजे काय होते ते मुंबईने पाहिले.

१९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. ते वर्ष आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. मराठवाड्यात विहिरी आटल्या, ज्वारी करपली, चांगल्या घरच्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या, आणि सुकडीवर मुले वाढली. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्याच काळात मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायांनी महागाईविरुद्ध एकत्र येऊन लाटणे मोर्चा काढला. बाहेर लाटणे आणि आत प्रश्न, अशी ती दुहेरी चाल होती. मोर्चाने सरकारला जाग येते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा झोप लागू नये म्हणून प्रश्न लागतो. दुष्काळी कामांच्या त्याच अनुभवातून आणि वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा शब्द भाषणातून कायद्यात आला.

१९८५ मध्ये मृणालताई पुन्हा विधानसभेत आल्या. त्या वेळी शहरांत एक नवेच संकट उभे राहिले होते. गर्भजलाची चाचणी ही खरे तर गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी. तिचा उपयोग मुलगी आहे का हे पाहून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला. १९८६ च्या सुमारास मुंबईतील पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली. त्यांपैकी बेचाळीस जणांनी आपण ही चाचणी लिंग ओळखण्यासाठी करतो असे सांगितले. बाहेर स्त्रीसंघटनांनी चळवळ केली. विधानसभेत मृणालताईंनी अशासकीय विधेयक आणले. सरकारला मग स्वतःच कायदा करावा लागला. १९८८ मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. संपूर्ण देशाचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला.

येथे थांबून टाळ्या वाजवण्याचा मोह होतो. पण हिशेबाची वही पुढे उलटली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जालना जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८७०. साऱ्या राज्याचा आकडा ८९४. म्हणजे कायदा होऊन तेवीस वर्षे झाली तरी आपण राज्याच्याही मागे. भगिनींनो, हा आकडा मंत्र्याचा नाही, आपल्या घरांचा आहे. नवस कोणासाठी बोलले गेले, पेढे कोणासाठी वाटले गेले आणि जिलबी कोणासाठी, हे आपल्याला ठाऊक आहे. सोनोग्राफीच्या दवाखान्यांची तपासणी किती झाली, हे सरकारला विचारलेच पाहिजे. पण तो प्रश्न विचारताना दुसरा प्रश्न आपल्याच माजघरात विचारला नाही, तर पहिल्याला धार येणार नाही.

आता अगदी आपल्या शेजारची हकीकत. गोदावरीच्या पलीकडे बीड जिल्हा. तेथून आणि आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतूनही दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो; मुकादमाची उचल आधीच अंगावर असते; एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. मासिक पाळी, अंगावरचे जाणे, पोटात दुखणे, यांना त्या हिशेबात जागा नाही. पाण्याची सोय नाही, आडोसा नाही. मग कोणीतरी सांगते, “पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.” २०१९ च्या उन्हाळ्यात अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. बातमी दोन दिवसांनी शिळी होते. पण जून २०१९ मध्ये विधान परिषदेत डॉ. नीलमताई गोऱ्हे यांनी हा विषय उपस्थित केला, आणि आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना सभागृहात आकडा सांगावा लागला: तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या.

विचारणारी सभासद आणि उत्तर देणारे मंत्री त्या वेळी एकाच पक्षाचे होते. तरीही प्रश्न आला, आकडा बाहेर पडला, नीलमताईंच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याला अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पडले. हा आकडा सर्व स्त्रियांचा आहे, केवळ ऊसतोडणीच्या बायांचा नव्हे. तेही नीट ध्यानात ठेवावे, कारण अर्धवट सांगितलेला आकडा आपल्याच बाजूला लंगडा करतो. पण जी गोष्ट सासूनेही सुनेजवळ कुजबुजत बोलावी, ती राज्याच्या सभागृहात मोठ्याने बोलली गेली. स्त्रीचे दुखणे हे तिच्या नशिबाचे नसून राज्याच्या कारभाराचे आहे, एवढे त्या दिवशी नोंदीत लिहिले गेले.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे भाषण म्हणजे नुसती आरती होईल. सभागृहात गोंधळ होतो आणि प्रश्नांचा तास वाया जातो. अधिवेशन आखडते आणि आपला प्रश्न छापील यादीतच राहतो. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या अकरा सदस्यांना काढून टाकावे लागले. साथीच्या काळात, सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात, संसदेत प्रश्नोत्तराचा तासच ठेवला गेला नाही. काही प्रश्न केवळ वर्तमानपत्रात नाव यावे म्हणून विचारले जातात. हे सारे खरे आहे. पण विहिरीला गाळ धरला म्हणून कोणी विहीर बुजवत नाही, गाळ उपसतो. हा गाळ उपसण्याचे काम मतदारांचे. मते मागायला उमेदवार दारात येईल तेव्हा हळदीकुंकवाच्या वाणासारखी भेटवस्तू घेऊन गप्प बसण्याऐवजी त्याला एवढेच विचारावे: “मागच्या अधिवेशनात आमच्या तालुक्याचे किती प्रश्न विचारलेत? उत्तर काय आले?”

आता आपण काय करावे? आपल्या जिल्ह्यातून विधानसभेवर पाच आमदार जातात: जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर आणि घनसावंगी. लोकसभेसाठी मात्र परतूर व घनसावंगी हे परभणी मतदारसंघात मोडतात. त्या भागातील भगिनींनी आपला खासदार जालन्याचा समजून पत्र पाठवू नये. ज्या भगिनी पदवीधर आहेत त्यांनी मराठवाड्याच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवावे. विधान परिषदेतही आपला माणूस असतो हे आपल्यापैकी पुष्कळजणींच्या गावी नाही.

आमदारांकडे जाताना नुसते गाऱ्हाणे नेऊ नये, प्रश्न तयार करून न्यावा. “आमच्याकडे फार हाल आहेत” या वाक्याला मंत्र्याला सहानुभूतीचे उत्तर देता येते, आणि सहानुभूतीने नळाला पाणी येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: अमुक गावच्या उपकेंद्रात अमुक तारखेपासून परिचारिकेची जागा रिकामी आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ती भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? गाव, तारीख, संख्या ही तीन पक्की हवीत. एका प्रश्नात एकच विषय. ऐकीव गोष्ट नको, कोणाची निंदा नको, न्यायालयात चालू असलेले प्रकरण नको. माहिती कमी पडली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे.

शिवाय प्रत्येक प्रश्न मुंबईलाच न्यावा असेही नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तेथे निवडून गेलेली आपली लेक किंवा सून सही करण्यापुरती बसते, की विचारते? तिच्या वतीने घरातला पुरुष बोलत असेल, तर ती जागा आपण मिळवूनही गमावली असे म्हणावे लागेल. मृणालताई एकदम विधानसभेत जाऊन बसल्या नाहीत. गोरेगावच्या नळापासून त्यांनी विचारायला सुरुवात केली.

माझी मंडळापुढे एक साधी सूचना आहे. भिशी, शिवणवर्ग, मंगळागौर हे सारे चालू राहावे. त्यासोबत मंडळाने एक प्रश्नवही ठेवावी. महिन्यातून एकदा जमलेल्या भगिनींनी आपापल्या गल्लीचा, शाळेचा, दवाखान्याचा, रेशनाचा एकेक प्रश्न तारखेसह त्यात लिहावा. तो कोणाच्या अखत्यारीतला, ग्रामपंचायतीचा, महानगरपालिकेचा की राज्याचा, हे ठरवावे आणि तेथे द्यावा. समोरच्या रकान्यात उत्तर लिहावे. उत्तर आले नाही तर “उत्तर नाही” असेच लिहावे. पुढच्या वर्धापनदिनी अहवालासोबत ती वहीही वाचून दाखवावी. कोणत्या पक्षाचा आमदार आहे याच्याशी त्या वहीचा संबंध नसावा. घरात सुनेने मागितला तरी हिशेब द्यावाच लागतो, मग ती कोणत्या माहेरची हे कोणी पाहत नाही.

आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले की मुलीच्या जातीने फार विचारू नये. त्या शिकवणीची किंमत गर्भातल्या मुलींनी दिली आहे आणि उसाच्या फडातल्या बायांनी दिली आहे. आपल्या मुलींना आपण दुसरे काही देऊ न देऊ, “हे खरे आहे काय?” आणि “नसल्यास, कारणे काय?” ही दोन वाक्ये न घाबरता बोलण्याची सवय एवढी जरी दिली तरी पुढच्या सभागृहात त्यांना आपली ओळख करून द्यावी लागणार नाही.

 भाषणावर कोणाला प्रश्न असतील तर जरूर विचारावेत. आजच्या विषयाला तेच शोभेल.